कोरं यंत्र आणि त्याचं नाव

नव्या संगणकाच्या डिस्कमध्ये अजून काहीच नसतं, तेव्हाचं त्याचं पहिलं अर्धं मिनिट मला सगळ्यात आवडतं. पुण्यातल्या महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा उभ्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली. चाळीस यंत्रं ओळीत मांडलेली, खोक्यांतला थर्माकोल अजून कोपऱ्यात, नेटवर्कच्या स्विचवर हिरवे दिवे लुकलुकायला लागलेले. एकेक बटण दाबत रांगेच्या टोकापर्यंत जायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. सीडी नाही, पेन ड्राइव्ह नाही, की-बोर्डला कुणाचा हात लागत नाही. चहा घेऊन, चार फोन उरकून परत यावं, तर एकेका पडद्यावर डेबियन लिनक्सची लॉगिनची चौकट उमटू लागलेली असते. मधल्या वेळात जे घडतं ते ओळीनं ओळ वाचता येतं, आणि वाचलं की त्याची गोडी वाढते.

मी वाचतो आहे ती व्यवस्था एफएआय नावाची, म्हणजे फुली ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशन. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी १९९९ मध्ये ती लिहिली. सन कंपनीच्या सोलारिसवर जंपस्टार्ट नावाची अशीच सोय होती, तिच्यावरून हे सुचलं. रेड हॅटचं किकस्टार्ट हे याच कुळातलं दुसरं घराणं, आणि त्याचंही कौतुक करावं असं बरंच आहे. पण रचनेचं सौंदर्य बघायचं तर मी एफएआयच उघडून बसतो.

सुरुवात मात्र एफएआयच्याही आधी होते. कोऱ्या यंत्राजवळ स्वतःचा म्हणून एक ऐवज असतो: नेटवर्क कार्डावर कोरलेला मॅक क्रमांक. सोळाच्या पायावर लिहिलेले बारा अंक. पहिले सहा कार्ड बनवणाऱ्याचे, पुढचे सहा त्या कार्डाचे. यंत्राला स्वतःचा पत्ता माहीत नाही, सर्व्हर कुठे आहे तेही माहीत नाही. म्हणून पहिल्या संदेशावर पाठवणाऱ्याच्या जागी ते ०.०.०.० लिहितं आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ऐकत असतील त्या सगळ्यांना. ‘मी कुणीच नाही, जो कुणी असाल त्यानं सांगा.’ ही डीएचसीपीची हाक. तिचा साचा मुळात बूटपीचा, बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी १९८५ मध्ये मांडलेला. त्या साच्यात १२८ बाइटांची एक रिकामी जागा ‘मी कोणती फाइल घेऊन सुरू होऊ?’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी राखलेली आहे. पुढे डीएचसीपी आलं तेव्हा साचा मोडला नाही. शेपटाकडच्या मोकळ्या भागात ९९, १३०, ८३, ९९ हे चार खुणेचे अंक आधीपासून होते, त्यांच्यापुढे नव्या गोष्टी मांडल्या. जुन्या वाड्याचा दरवाजा, ओसरी, चौक तसाच ठेवून मागे खोल्या वाढवाव्यात, तसं. चाळीस वर्षांपूर्वीचा तो दरवाजा आजही कोरं यंत्र ठोठावतं आणि तो उघडतो.

सर्व्हर पत्ता देतो आणि फाइलचं नावही देतो. आता ती फाइल आणायची कशी? यासाठी टीएफटीपी. एमआयटीच्या कॅरेन सॉलिन्स यांनी १९८१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती लिहिली. हे मुद्दाम इतकं छोटं ठेवलं आहे की कार्डावरच्या चिमूटभर स्मृतीत मावावं. फाइल ५१२ बाइटांच्या तुकड्यांत येते. एक तुकडा, एक पोचपावती, मग पुढचा तुकडा. फाइल संपली हे कसं कळवायचं? वेगळा निरोप नाही. जो तुकडा ५१२ पेक्षा लहान आला, तो शेवटचा. मग एखादी फाइल नेमकी १०२४ बाइटांची असेल तर? दोन्ही तुकडे पुरे भरलेले, शेवट ओळखू यायचा नाही. अशा वेळी सर्व्हर तिसरा तुकडा पाठवतो आणि त्यात एकही बाइट नसतो. तो रिकामा तुकडाच शेवट सांगतो. या एका तपशिलावर मी अनेकदा थबकलो आहे. गायक शब्द न उच्चारता समेवर येतो आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते, तसं वाटतं.

चाळीस यंत्रं एकदम मागायला लागली की काय होतं, हेही बघण्यासारखं आहे. सगळ्यांची पहिली मागणी ६९ क्रमांकाच्या एकाच पोर्टवर येते. उत्तर मात्र सर्व्हर दर वेळी नव्या, वेगळ्या पोर्टवरून देतो, आणि पुढची देवघेव तिथेच चालते. अर्ज घेणारी खिडकी एक, पण अर्ज दिला की प्रत्येकासाठी नवी खिडकी उघडते. म्हणून एकाचा तुकडा दुसऱ्याच्या ताटात पडत नाही. आता मोठ्या तुकड्यांची बोलणी करून वेग वाढवता येतो, पण मूळ लय तीच.

आलेली पहिली फाइल असते पीएक्सईलिनक्स, एच. पीटर अॅनविन यांची कामगिरी. (यूईएफआयच्या नव्या यंत्रांवर ही जागा बहुधा ग्रब घेतो.) हिचं काम एवढंच की यंत्राला नेमकं काय करायचं, याची चिठ्ठी शोधून आणायची. त्या शोधण्यात फार सुंदर गोष्ट आहे. समजा यंत्राचा पत्ता १९२.१६८.१०.३७. सोळाच्या पायावर तो होतो सी०ए८०ए२५. आधी यंत्राच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाच्या आणि मॅक क्रमांकाच्या नावाची चिठ्ठी मागून बघतात. ती नसेल तर सी०ए८०ए२५. तीही नसेल तर शेवटचा अंक गाळून सी०ए८०ए२. मग सी०ए८०ए, मग सी०ए८०, असं एकेक अक्षर सोडत सी पर्यंत, आणि अगदीच काही नसेल तर ‘डीफॉल्ट’.

हे नुसतं नाव आखूड करणं नव्हे. एक अंक गाळला की चिठ्ठी सोळा पत्त्यांची होते: सी०ए८०ए२ म्हणजे ३२ ते ४७, एका रांगेतली सोळा यंत्रं. दोन गाळले की २५६ पत्ते, अख्खी प्रयोगशाळा. पत्रावर घरक्रमांकाचा माणूस सापडला नाही तर पोस्टमन वाड्यात विचारतो, वाड्यात नाही तर पेठेत. सर्व्हरच्या नोंदवहीत ही शोधाशोध ओळीओळीनं दिसते: नाही, नाही, नाही, आणि मग एकदम सापडली. पहिल्यांदा ती नोंदवही वाचली, तेव्हा त्या ‘नाही’ मला चुका वाटल्या होत्या. त्या उतरणीच्या पायऱ्या आहेत, हे कळलं त्या दिवसापासून मी हे सगळं वाचू लागलो.

चिठ्ठी मिळाली की लिनक्सचा कर्नल येतो, आणि इथून एफएआयचा प्रांत सुरू होतो. डिस्कला हातही न लावता एक पुरं डेबियन नेटवर्कवरून चालू होतं. आता यंत्र स्वतःला विचारतं, मी कोण आहे? उत्तर देण्याची लांगे यांची रीत अशी की एका फोल्डरात छोट्या स्क्रिप्ट ठेवायच्या. त्या क्रमानं चालतात आणि त्यांनी जे शब्द छापले, ते त्या यंत्राचे ‘क्लास’ होतात. एक स्क्रिप्ट नाव बघते आणि ‘लॅब’ छापते. दुसरी ग्राफिक कार्ड बघून ‘एनव्हिडिया’ छापते. सगळ्यांच्या आधी ‘डीफॉल्ट’, शेवटाकडे यंत्राचं स्वतःचं नाव, समजा लॅब०७, आणि त्यानंतर ‘लास्ट’. क्रमाला अर्थ आहे. जो शब्द नंतर येतो त्याचं वजन जास्त. सर्वसाधारणाकडून विशेषाकडे जाणारी ही ओळ म्हणजे त्या यंत्राची कुंडली. साधा छापलेला शब्द, एवढ्यावर सगळं उभं आहे. कुठली वेगळी भाषा शिकायला लागत नाही.

या ओळीचं फळ ‘एफकॉपी’ नावाच्या आज्ञेत दिसतं. समजा प्रत्येक यंत्रावर /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट ही फाइल हवी, पण सगळीकडे एकसारखी नको. सर्व्हरवर बघावं तर नेमक्या याच नावाची फाइल नाही, फोल्डर आहे. आणि त्या फोल्डरात फाइली कोणत्या? डीफॉल्ट, लॅब, लॅब०७. जिथे पोचायचं त्या जागेचं नाव फोल्डरला, आणि ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव फाइलला. एफकॉपी यंत्राच्या शब्दांची ओळ बघते, त्यातला सर्वांत वजनदार शब्द ज्या फाइलला लागू पडेल ती उचलते आणि जागेवर ठेवते. एकदा हे डोळ्यांपुढे उभं राहिलं की नुसत्या फोल्डरांच्या झाडावरून नजर फिरवून सांगता येतं, चाळीसांतली कुठली यंत्रं कुठल्या बाबतीत वेगळी आहेत. मी अशी झाडं कागदावर छापून भिंतीला लावली आहेत. नव्या माणसाला दुसरी कसली टिपणं द्यावी लागली नाहीत.

आता डिस्क. इथे माझ्या मनात एक जुना सल आहे. हातानं यंत्रं भरायच्या दिवसांत, एका महाविद्यालयात सुट्टीतल्या घाईत पुढचं बटण दाबत गेलो आणि होमचं पार्टिशन पुसलं गेलं. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचा प्रकल्प त्यात होता. ती रडली नाही, फक्त विचारलं, ‘सर, कुठेच नाही का?’ त्यामुळे एफएआयच्या डिस्क मांडणीच्या फाइलमधला ‘प्रिझर्व्ह रीइन्स्टॉल’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिलो. त्या शब्दापुढे पार्टिशनचा क्रमांक लिहिला की व्यवस्था पुन्हा बसवताना तेवढं पार्टिशन जसंच्या तसं राहतं. खुबी अशी की कोऱ्या यंत्रासाठी वेगळी फाइल लागत नाही. पहिल्याच वेळी ‘इनिशियल’ ही खूण लावायची, म्हणजे तीच ओळ होमचं पार्टिशन नव्यानं बनवते. पुढच्या वर्षी खूण काढली की तीच ओळ त्याची राखण करते. मापंही ठोकून बसवलेली नसतात. ‘२ जीबी ते १५ जीबी’ असा पल्ला लिहिता येतो, आणि डिस्क लहान असो वा मोठी, त्या पल्ल्यात बसेल तेवढी जागा वाटून घेतली जाते. बेताचा शिधा पंगतीला पुरवणाऱ्या आचाऱ्याची ही नजर आहे.

पॅकेजांचा भाग लवकर उरकतो, निदान वाचताना. क्लासच्या नावाच्या फाइलीत पॅकेजांची यादी, आणि ती स्थानिक साठ्यातून येते, म्हणजे एकच गोष्ट बाहेरून चाळीसदा उतरवावी लागत नाही. पडद्यावर सर्वाधिक वेळ हेच सरकत असतं आणि बघणाऱ्यांना हेच मुख्य काम वाटतं.

मला त्याहून पुढची पायरी आवडते, नोंदी तपासण्याची. काम संपत आलं की सगळ्या नोंदी जमा होतात आणि त्यांतून संशयास्पद ओळी वेचून एका वेगळ्या फाइलीत ठेवल्या जातात. ‘एरर’ शब्द दिसला की ओळ उचलायची, इतकं सोपं. पण डेबियनमध्ये लिबजीपीजी-एरर नावाचं एक निरुपद्रवी पॅकेजच आहे! म्हणून अशा खोटी भीती घालणाऱ्या ओळी गाळण्यासाठी दुसरी यादी ठेवली आहे. ती यादी वाचताना समजतं की हे कुणीतरी खोलीत बसून कल्पनेनं रचलेलं नाही. तिच्यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी वाया गेलेल्या संध्याकाळीनं लिहिलेली आहे.

आणि शेवटी असा प्रश्न, जो नवशिक्याला उशिरा सुचतो. यंत्र पुन्हा सुरू झालं की ते पुन्हा नेटवर्ककडे बघणार, पुन्हा चिठ्ठी मागणार, पुन्हा सगळं बसवणार. मग हे चक्र थांबतं कसं? सी०ए८०ए२५ ही चिठ्ठी ‘एफएआय-सीएचबूट’ या आज्ञेनं फक्त त्याच यंत्रासाठी केलेली असते. काम नीट पार पडलं की यंत्र सर्व्हरला तसं कळवतं, आणि ती चिठ्ठी बाद होते. पुढच्या वेळी यंत्र तेच नाव मागतं, सापडत नाही. एक अंक गाळतं, नाही. आणखी एक, नाही. उतरत उतरत डीफॉल्टला येतं, आणि तिथे आम्ही एकच गोष्ट लिहून ठेवलेली असते: स्वतःच्या डिस्कवरून सुरू हो. मघाशी रस्ता शोधून देणारी तीच उतरण आता त्याला घरी पोचवते.

गेल्या पावसाळ्यात लॅब०७चा मदरबोर्ड गेला. बदली बोर्ड आला तो नव्या मॅक क्रमांकाचा. दुकानातला मुलगा विचारत होता, सगळं परत भरायचं का? डिस्क शाबूत होती, भरायचं काहीच नव्हतं. मी डीएचसीपीच्या फाइलीत लॅब०७ हे नाव मॅक क्रमांकाशी जोडणाऱ्या एका ओळीत बारा अंक बदलले, सेवा पुन्हा सुरू केली आणि यंत्राचं बटण दाबलं. त्यानं ०.०.०.० या पत्त्यावरून हाक दिली, आणि सर्व्हरनं उत्तर पाठवलं: लॅब०७.