डिस्क गेली, की अपडेटने खाल्ली?

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेतील एका संगणकात विंडोज ११ ची नवी आवृत्ती घातली आणि तो पुन्हा पुन्हा बंद पडू लागला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने पडदा पाहिला न पाहिला आणि निदान केले, "सर, एसएसडी गेली. फॉरमॅट मारून देतो." शिक्षकांच्या खोलीतले मत वेगळे होते : डिस्क चांगलीच होती, अपडेटने खाल्ली. दोन्ही मतांमागे पुरावा कसलाच नव्हता. विज्ञानाच्या पेपरात विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले तर आपण गुण देऊ का?

ऑक्टोबर २०२४ मधले एक प्रकरण यासाठी वर्गात सांगण्याजोगे आहे. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली आणि वेस्टर्न डिजिटलच्या २ टीबीच्या काही एसएसडी (एसएन७७०, एसएन५८० वगैरे) असलेले संगणक निळा पडदा दाखवून कोसळू लागले. कोणती माहिती कोणत्या कप्प्यात ठेवली आहे, याची वही एसएसडीला सतत हाताशी लागते. महाग डिस्कमध्ये या वहीसाठी स्वतःची रॅम असते. स्वस्त डिस्क संगणकाच्या रॅममधून थोडी जागा उसनी घेते. ग्रंथपालाला कपाट नाही म्हणून त्याने मुख्याध्यापकांच्या कपाटातला एक कप्पा वापरावा, तसेच. पूर्वीची विंडोज ६४ एमबी देत असे. या डिस्क मागत होत्या २०० एमबी, आणि नव्या आवृत्तीने ते खरोखरच देऊन टाकले! मागितलेले हाती आले आणि डिस्कचाच गोंधळ उडाला.

काही वापरकर्त्यांनी विंडोजच्या रजिस्ट्रीतली एकच नोंद बदलून ही उसनवारी बंद केली किंवा पूर्वीइतकीच ठेवली. कोसळणे थांबले. बाकी काहीही बदललेले नव्हते, म्हणून या प्रयोगाला किंमत आहे. पुढे कंपनीने फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आत बसवलेला प्रोग्राम, सुधारून दिला. चूक डिस्कच्या प्रोग्रामात आधीपासून होती. अपडेटने ती उघडी पाडली.

उलट, ऑगस्ट २०२५ च्या अपडेटने एसएसडी नाहीशा होतात, अशा तक्रारी जपानमधून सुरू झाल्या व जगभर पसरल्या. कंट्रोलर बनवणाऱ्या फिसॉनने ४,५०० तासांहून अधिक चाचण्या घेतल्या, पण दोष पुन्हा घडवता आला नाही. मायक्रोसॉफ्टलाही अपडेटशी संबंध आढळला नाही. ही बातमी मात्र फारशी कोणी वाचली नाही.

माझा आक्षेप फॉरमॅटला नाही, तो आधी करण्याला आहे. रंग पाहण्यापूर्वीच परीक्षानळी धुऊन टाकण्याचा हा प्रकार आहे. पडद्यावरच्या स्टॉप कोडचा फोटो काढावा, कामाच्या फाइली दुसरीकडे उतरवाव्यात, डिस्कवर जागा किती उरली व फर्मवेअर कोणते ते पाहावे. अपडेट चालू असताना वीज गेली होती का, हेही विचारावे; आमच्याकडे उन्हाळ्यात हा प्रश्न पहिला.

आमचा संगणक त्याच दिवशी फॉरमॅट झाला. आता चालतो. नववीच्या मुलांचे प्रकल्प त्यात गेले, आणि तो का कोसळत होता हे आम्हाला आजही ठाऊक नाही.