शिक्षकांचे लेखन आणि पालक नावाचा वाचक

पुण्यातील मराठी गद्याची इमारत ज्यांनी उभारली त्यांपैकी कित्येक जण पेशाने मास्तर होते, ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु या मास्तरांनी यच्चयावत विषयांवर लेखणी चालविली आणि ज्या वर्गात त्यांचा दिवस जात होता त्या वर्गाविषयी मात्र फारच थोडे लिहिले, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. 1880 च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि पुढच्याच वर्षी ती शाळा काढणाऱ्या मंडळींनी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे काढली. इतिहास, भाषा, समाज, राज्यकारभार या सर्वांची झडती त्या लेखण्यांनी घेतली. पण मागल्या बाकावरच्या एखाद्या मुलाला त्रैराशिक का उमगत नाही याचा वृत्तान्त त्या वाङ्मयात शोधू जावे, तर हाती फारसे काही लागत नाही. शिक्षकाने देशाला शिकवावे अशी त्या काळाची अपेक्षा होती, आणि ती त्यांनी पुरी केली.

वर्गातल्या मुलाला लेखनाचा विषय करण्याचे श्रेय बव्हंशी पुण्याबाहेरच्या मंडळींकडे जाते. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना तेथील छात्रालय सांभाळणारे साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. ते छापखान्यात जावयाचे नव्हते, कोणा साहेबापुढे ठेवावयाचे नव्हते, आणि त्याचा वाचकवर्ग त्याच छपराखाली झोपत होता. पुढे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीस आणि 1957 नंतर कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये जे काम केले, त्याची हकिकत अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात आली आहे. गुरे राखणारे मूल शाळेत येत नाही, तर शाळेनेच कुरणात जावे, ही कुरणशाळेची कल्पना कोणत्याही परिपत्रकातून निघालेली नाही. गैरहजर मुलाच्या मागोमाग चालत गेलेल्या शिक्षिकेला ती सुचली. कोल्हापुरास 1985 साली ‘सृजन आनंद विद्यालय’ स्थापणाऱ्या लीला पाटील यांनी हा प्रवाह अधिक समृद्ध केला. त्यांचे लेखन कधीकधी सिद्धान्ताकडे झुकते व तेथे वाचकाची दमछाक होते, हे मान्य करूनही ‘शिक्षण देता-घेता’ यासारख्या पुस्तकाची बरोबरी करणारे पुस्तक आमच्या पाहण्यात क्वचितच आले. रेणू गावस्करांचे ‘आमचा काय गुन्हा?’ आणि हेरंब कुलकर्णींचे ‘शाळा आहे शिक्षण नाही’ ही याच कुळातली, पण अधिक अस्वस्थ करणारी पुस्तके होत.

मग आजची अवस्था काय? शिक्षक आज पूर्वीपेक्षा अधिक लिहितो, किंबहुना त्याला लिहावेच लागते; पण त्यातले बहुतेक लेखन दप्तरी आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी ठेवण्याचे काम शिक्षकाकडे सोपविण्यात आले. हेतू उत्तम होता. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाविषयी कोणीतरी दोन ओळी स्वतःच्या बुद्धीने लिहाव्यात, याहून मोठी वाङ्मयीन योजना सरकारने क्वचितच आखली असेल! परंतु पाहता पाहता तयार नोंदींच्या पुस्तिका विक्रीस आल्या, पुढे त्या मोबाइलवरून फिरू लागल्या, आणि ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’, ‘वर्गात नीटनेटका राहतो’ असली वाक्ये शेकडो मुलांच्या नावांपुढे जशीच्या तशी उतरली. वर्गातील पटसंख्या, अशैक्षणिक कामे आणि तपासणीची मुदत यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला दोष देणे सोपे आहे. तो आम्ही देत नाही. मात्र या नोंदी वाचून मूल कसे आहे ते कळत नाही, हेही सांगितलेच पाहिजे. दप्तराबाहेरच्या लेखनातही ‘उपक्रम’ या प्रकाराने असाच उच्छाद मांडला आहे. त्यात सर्व काही यशस्वी होते. कोणत्याही मुलाला काही येत नाही असे घडतच नाही.

वास्तविक शिक्षकाच्या लेखनाचे मर्म नेमके त्या ‘न येण्यात’ असते. एखादे मूल 27 आणि 15 यांची बेरीज 312 अशी मांडते. पालकाला वहीत तांबडी फुली दिसते व तो शिकवणीची चौकशी करू लागतो. पण जाणता शिक्षक पाहतो, की सात आणि पाच बारा, दोन आणि एक तीन, या दोन्ही बेरजा बिनचूक आहेत, आणि त्या शेजारी शेजारी लिहून मूल मोकळे झाले आहे. त्याला बेरीज येते. स्थान म्हणजे काय हे अद्याप उमगलेले नाही. हे ज्या पालकाने कोणाही मुलाविषयी एकदा वाचले असेल, तो स्वतःच्या मुलाच्या वहीकडे वेगळ्या नजरेने पाहील. आपल्या मुलाविषयी ऐकताना आईबापांच्या मनात भीती आणि अभिमान यांचा इतका गलबला चालू असतो, की पालकसभेत शिक्षकाने सांगितलेले निम्मे कानांवरून जाते. परक्या मुलाची हकिकत मात्र शांतपणे वाचता येते, आणि आमच्या मते हाच अशा लेखनाचा मोठा लाभ.

या वाचनाच्या अभावी काय होते, याचा मासला याच पुण्यात 2019 साली पाहावयास मिळाला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ या रूढ नावाबरोबर ‘वीस सात’ असे वाचनही दिले गेले, आणि वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत त्याची यथेच्छ टवाळी झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर मुलांची अडचण परोपरीने समजावून सांगत होत्या. पण ‘सत्तावीस’ हा उच्चार ऐकून आधी सात लिहिणारी आणि मग 72 वर थांबणारी मुले शिक्षकांनी वर्षानुवर्षे पाहिली होती, ही गोष्ट पालकांना ठाऊकच नव्हती. त्या तोडग्याविषयी मतभेद रास्त होता. आमचेही त्यावर एकमत होईल असे नाही. पण टवाळी करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या वर्गातल्या एखाद्या शिक्षिकेचे चार पानांचे टिपण वाचले असेल?

पालकांना हे लेखन मिळत नाही, असेही नाही. ‘पालकनीती’ हे मासिक 1987 पासून पुण्यातूनच निघते. ‘साधना’ साप्ताहिकाने शिक्षणविषयक लेखनाला नेहमीच जागा दिली. अडचण अन्यत्र आहे. नोकरीत असलेल्या शिक्षकाचा पहिला वाचक केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी असतो, खाजगी शाळेत संस्थाचालक असतो, आणि अशा वाचकापुढे ‘माझा हा पाठ फसला’ असे लिहिण्याचे धैर्य सामान्य माणसाला होत नाही. लीलाताईंनी अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावरून निवृत्त झाल्यावर शाळा काढली व तेथले अनुभव लिहिले, हा योगायोग म्हणता येणार नाही. फसलेल्या पाठाची हकिकत वाचून शिक्षकाविषयीचा आदर वाढणारा वाचक पालकांतूनच निघू शकतो, आणि त्याची दाद पाठीशी असल्याखेरीज हे लेखन दप्तराबाहेर पडणार नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. समितीच्या सभा होतात, इतिवृत्ते लिहिली जातात, पोषण आहाराच्या तांदळापासून संडासाच्या दुरुस्तीपर्यंत ठराव मंजूर होतात. शिक्षकाने आपल्या वर्गाविषयी लिहिलेली दोन पाने सभेपुढे वाचली गेली, अशी नोंद असलेले इतिवृत्त आमच्या तरी पाहण्यात अद्याप आलेले नाही.