खोडदची जाळी

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. बोरी बुद्रुकच्या जवळ, खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या आहेत. एकेक तबकडी 45 मीटर व्यासाची, आणि खालून वर पाहावं तर तिच्यातून ढग सरकताना दिसतात. सांगाडा झाला, पत्रा बसवायचं राहून गेलं, असा समज होतो. पण पत्रा बसवायचा नव्हताच. आपल्याकडच्या यंत्ररचनेतली मला सगळ्यात देखणी वाटणारी कल्पना त्या न बसवलेल्या पत्र्यात आहे.

आधी बांधणी पाहू. मधल्या चाकापासून नळ्यांच्या 16 वाकवलेल्या कमानी बाहेर पसरतात. कमानी-कमानींमध्ये पोलादी तारांचे दोर ताणले आहेत, आणि त्या दोरांवर जाळीचे तुकडे खेचून बांधले आहेत. जाळीची तार स्टेनलेस स्टीलची, जेमतेम 0.55 मिलिमीटर जाडीची. नुसत्या ताणावर तिला अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा, घाट येतो. ताण सैल पडला की आकार बिघडला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या रचनेचं इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेलं नाव ‘स्मार्ट’ असं आहे. एरवी असल्या जुळवून आणलेल्या नावांनी मी वैतागतो; इथे ते शोभतं.

किनाऱ्यावरचे मच्छीमार जाळ्याच्या घराला ‘आस’ म्हणतात. कोणता मासा अडकणार आणि कोणता सुटणार, हे दोरावर नाही, आसाच्या मापावर ठरतं. खोडदच्या जाळीतही खरी गंमत आसाच्या मापात आहे, आणि ते माप एक नाही, तीन आहेत. तबकडीच्या मधल्या भागात 10 मिलिमीटरची घरं, त्याबाहेर 15 ची आणि अगदी कडेच्या पट्ट्यात 20 ची. इथे टिपायच्या लहरींपैकी 21 सेंटिमीटरची हायड्रोजनची लहर जवळजवळ सगळ्यात आखूड. दुसऱ्या टोकाला दोन-दोन मीटर लांबीच्या लहरी. एवढ्या लांब पावलांच्या लहरीला बोटभर रुंदीचं भोक जाणवतच नाही. तिच्या लेखी तो सलग आरसाच. वाऱ्याला मात्र ते भोक जाणवतं. साधा हिशेब केला तर 20 मिलिमीटरच्या घरांच्या जाळीत जवळपास 95 टक्के जागा मोकळी आहे. एकच पृष्ठभाग लहरीसाठी भिंत आणि वाऱ्यासाठी उघडं दार.

मग सगळीकडे 20 चीच घरं का नकोत? कारण जाळीतून वाराच जातो असं नाही. खालची उबदार जमीनही रेडिओ लहरी सोडत असते, आणि त्यातल्या काही भोकांतून वर शिरून ग्राहकयंत्राच्या कानात कुजबुजतात. त्या ग्राहकाची नजर तबकडीच्या मध्यावर सगळ्यात तीक्ष्ण, कडेकडे मंद होत जाणारी. म्हणून मध्यावर वीण दाट ठेवायची. कडेला गळती फारशी नडत नाही. उलट तिथे वाऱ्याची तरफ सगळ्यात लांब, तेव्हा वीण सैल केलेलीच बरी. जिथे जेवढी गरज तेवढीच तार, एक धागाही जास्त नाही. हात आवरता घेण्याची ही समज मला मोठी वाटते. वाऱ्याचा भार कमी, म्हणून सांगाडा हलका. सांगाडा हलका, म्हणून तो फिरवणारी यंत्रणा लहान. आणि खर्च आटोक्यात राहिला म्हणून अशा एक-दोन नव्हे, 30 तबकड्या उभ्या करता आल्या.

स्वरूपांचंच आधीचं काम शेजारी ठेवून पाहावं. 1970 मध्ये सुरू झालेली उटीची दुर्बीण 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद आहे. तिचा आरसा म्हणजे एकमेकींना समांतर गेलेल्या 1100 बारीक तारा. आडवी तार एकही नाही. विणकराच्या भाषेत नुसता ताणा, बाणा नाही. अशा आरशाला तारांच्या दिशेने डोलणारी लहर तेवढी दिसते, काटकोनात डोलणारी निसटून जाते. खोडदला उभ्याबरोबर आडवीही तार आली आणि दोन्ही डोलांची लहर हाती लागली.

याच शिवारात आणखीही जाळ्या आहेत. टोमॅटोच्या रोपवाटिकेवर शेतकरी ‘40 मेश’चं नेट घालतो, म्हणजे इंचात 40 घरं, पर्णगुच्छ पसरवणारी पांढरी माशी बाहेर आणि हवा आत. या मोजणीत आकडा वाढला की भोक लहान होतं, हे दुकानात नवख्याला चटकन उमगत नाही. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत 200 मेशची चाळणी असते, भोक 75 मायक्रॉनचं. बोरीला कुकडीच्या काठावर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तो 75 हजार वर्षांपूर्वीचा की त्याहून फार जुना, यावर अभ्यासकांचा वाद आहे. त्या राखेतले काचेचे कण म्हणजे फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती. अशी बारीक राख गाळायची तर चाळणीही बारीकच लागते. मेंढपाळाची वाघर या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला. तिची घरं ऐसपैस, पण कोकरू बाहेर पडणार नाही एवढीच. करवंदाच्या जाळीचं माप कोणी ठरवलं, ते ज्याने त्यात हात घातलाय त्याने सांगावं.

खोडदला मात्र आणखी एक जाळी आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. 30 पैकी 14 तबकड्या मध्यभागी साधारण चौरस किलोमीटरच्या आवारात दाटीने उभ्या आहेत; उरलेल्या 16 इंग्रजी ‘वाय’च्या आकारात तीन दिशांना पसरल्या आहेत. टोकाच्या दोन तबकड्यांत जास्तीत जास्त सुमारे 25 किलोमीटर अंतर पडतं. इथली मोजणी तबकडीची नाही, जोडीची असते. 30 तबकड्यांच्या जोड्या होतात 435, आणि प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्रातला एक धागा पकडते. मध्ये मोठमोठी भगदाडं राहतातच. ती भरण्याचं काम पृथ्वी करते: ती फिरते तशी आकाशाच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक जोडीची दिशा आणि लांबी बदलत जाते, आणि काही तासांत त्याच 435 धाग्यांची वीण दाट होते. मध्ये दाट, कडेला विरळ ही तबकडीतलीच रीत इथे किलोमीटरच्या मापात पुन्हा आली आहे. कारण वेगळं आहे: जवळच्या जोड्यांना आकाशातल्या विस्तृत, धूसर गोष्टी दिसतात, लांबच्या जोड्यांना बारकावे.

2001 मध्ये ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. पुढे तिचे ग्राहक आणि इलेक्ट्रॉनिक्स बदलून ती अद्ययावत केली, तरी वरची मर्यादा 1450 मेगाहर्ट्झच्या आसपासच राहिली. त्याहून आखूड लहरींसाठी आस लहान हवेत, घाट अधिक काटेकोर हवा. म्हणजे वजन वाढणार, वारा अडणार, पैसा लागणार आणि तबकड्यांची संख्या घटणार. काही जण याला खोडदची उणीव म्हणतात. मला तसं वाटत नाही. स्वरूपांनी भोकाचं माप ठरवलं तेव्हाच कोणतं आकाश सोडायचं हेही ठरवलं होतं, आणि ते सोडल्याबद्दल त्यांनी 30 तबकड्या वसूल केल्या.