मातीतील प्रायॉन : झरीच्या काळ्या मातीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रायॉन हा विकृत प्रथिनरूपी रोगकारक. ब्राऊन व गाजडुसेक यांच्या १९९१ मधील निष्कर्षानुसार स्क्रॅपीबाधित मेंदूचा अंश तीन वर्षे मातीत पुरूनही संसर्गक्षम राहिला. जॉन्सन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविले, की माँटमोरिलोनाइट खनिजाला चिकटलेल्या प्रायॉनची हॅमस्टरमधील तोंडावाटे संसर्गक्षमता ६८० पटींनी वाढते. झरीसह परभणी जिल्ह्यातील काळी माती याच गटातील खनिजांनी समृद्ध आहे. तथापि हा आकडा तिला थेट लावणे शास्त्रसंमत ठरत नाही. शिवाय घट्ट चिकटलेला प्रायॉन सुटा न झाल्यास चाचणी नकारात्मक येऊ शकते. भारताला २०१० मध्ये लाभलेला ‘नगण्य बीएसई जोखीम’ दर्जा गुरांविषयी आहे, मातीविषयी नाही. म्हणून ‘आढळला नाही’ म्हणजे ‘नाही’ असे मानण्यापूर्वी या मातीत चाचणीची क्षमता सिद्ध होणे अगत्याचे आहे.