आभासी रंगमंच : नाटक कोणते करावे?

संगणकाच्या आभासी जगात नाटक बसवायचे, तर शोकांतिका घ्यावी, प्रहसन घ्यावे की पऱ्यांचे नाटक? सर्वसाधारण समज असा, की खेळाच्या जागी हसण्या-हसवण्याचेच काही खपेल, गंभीर नाटक तेथे टिकणार नाही. आम्हाला हा समज मान्य नाही.

'ग्रँड थेफ्ट हॅम्लेट' हा माहितीपट (२०२४) या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये टाळेबंदी होती, नाट्यगृहे बंद होती. सॅम क्रेन आणि मार्क ऊस्टरव्हीन या दोन रिकाम्या नटांनी 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या मारधाडीच्या खेळातच शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' उभे करायचे ठरवले. खेळातल्या लॉस सँटोस शहरात त्यांना एक खुले नाट्यगृह सापडले होते. तेथे कोणीही अनोळखी खेळाडू येतो, भर तालमीत नटाला गोळी घालतो आणि मेलेला नट थोड्याच वेळात पुन्हा उठून उभा राहतो. बाहुल्यांच्या चेहऱ्यावर दुःख उमटत नाही. शोकांतिकेला याहून वाईट जागा कोणती? तरीही जगावे की मरावे हा हॅम्लेटचा प्रश्न तेथे भलताच जड होतो. भोवती सगळे फुकटात मरत असतात आणि हा एकटाच थांबून मरणाचा विचार करतो. शिवाय चेहरा मुका असल्याने सारा भार आवाजावर पडतो. ज्याचा तलफ्फुज कच्चा, त्याला येथे लपायला जागा नाही.

चित्रपटाबद्दल आमची तक्रार एवढीच, की त्यात तालमींचे गोंधळ पुष्कळ आहेत, प्रत्यक्ष नाटक मात्र फार थोडे दिसते.

प्रहसनाचे गणित उलटे आहे. त्याचा जीव वेळेवर असतो. वाक्य क्षणभर उशिरा पोहोचले की विनोद मेला. आणि प्रेक्षकांचे हसू कानी आले नाही तर नटाने थांबायचे किती? लॉस सँटोसमध्ये हसू येते ते आगंतुक बंदूकवाल्यांमुळे. पारशी रंगभूमीला हे मिश्रण नवे नव्हते. गंभीर कथानकाला विनोदी उपकथानक जोडण्याची तिची जुनी रीत होती, आणि मेहदी हसन 'अहसन' यांनी 'खून-ए-नाहक' या नावाने हॅम्लेट उर्दूत आणला तो त्याच रंगभूमीसाठी.

राहिले पऱ्यांचे नाटक. रॉयल शेक्सपिअर कंपनीने मार्च २०२१ मध्ये 'ड्रीम' हा प्रयोग केला. त्यात नटांच्या हालचालींवरून आभासी वनातला पक आणि पऱ्या हलत होत्या, आणि प्रेक्षक घरबसल्या काजवे होऊन त्या वनात उजेड सोडत होते. देखणे खरे, पण जेथे सगळेच अद्भुत, तेथे नवल कशाचे?

अमानत लखनवींची 'इंदरसभा' मात्र आम्हाला अशा जागी करून पाहावीशी वाटते. सब्ज परी गुलफामला, एका माणसाला, चोरून दरबारात आणते. राजा इंदर तिचे पंख छाटून तिला हाकलतो. लखनौच्या प्रेक्षकाला उडता येत नव्हते, म्हणून त्याला परीचे नवल वाटे. २००३ मध्ये सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ'मध्ये प्रत्येकाला उडता येते. तेथे हे नाटक लावले, तर प्रेक्षक वर तरंगत असतील आणि खाली जोगन झालेली सब्ज परी एकटी पायी चालत येईल.