हिशेबात न धरलेली सावली

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. भिंती-खिडक्यांमधून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटहून अधिक नसावी, असे ती सांगते. या हिशेबात खिडकीवरच्या छज्ज्याची सावली धरतात; दारच्या कडुनिंबाची नाही. कारण उघड आहे. छज्जा कायम राहतो, झाड वाळते, तोडले जाते. पण मग झाड तोडले तरी आकडा हलत नाही! मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे नेणाऱ्या बल्लारपुरात ही उणीव आम्हाला गंभीर वाटते.

‘एनर्जीप्लस’ या संगणक-प्रणालीत झाड मांडता येते. त्याला पडदा मानायचे आणि त्यातून किती ऊन झिरपते ते महिन्यागणिक सांगायचे. मात्र पानांच्या बाष्पोत्सर्जनाचा गारवा त्या पडद्यात येत नाही. शिवाय महिने कुठले धरायचे? ‘दक्षिणेला पानझडी झाड लावा, उन्हाळ्यात सावली व हिवाळ्यात ऊन मिळेल’ हा सल्ला समशीतोष्ण देशांतला. आपला साग ऐन उन्हाळ्यात उघडाबोडका असतो. कडुनिंब मात्र तोवर नव्या पालवीने भरलेला. आणि २० मेच्या सुमारास दुपारचा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत तापतात त्या पूर्व-पश्चिमेच्या भिंती, दक्षिणेची नव्हे.

मग येथील झाडांचे वेळापत्रक कोणी करावे? शाळेतली मुले आवारातल्या झाडांची पानगळ व पालवी दर आठवड्याला नोंदवू शकतील. अशा नोंदींवाचून हे गणित अपुरेच राहील, असे आम्हाला वाटते.