अनुकृतीला नकार: ‘भूमिका’तील स्मिता पाटील

चरित्रपटातील अभिनयाची चर्चा आपल्याकडे बहुधा सादृश्यापाशी थांबते. चेहरा किती जुळला, लकबी किती साधल्या, यावरच निवाडा होतो. चरित्रविषय स्वतःच पडद्यावरील नटी असेल तर हा निकष अधिकच प्रबळ ठरतो, कारण तिची मूळ प्रतिमा फितीवर शिल्लक असते. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या हिंदी चित्रपटात स्मिता पाटील यांनी साकारलेली उषा या निकषाची मर्यादा उघड करते.

श्रीशंकुकाने नटाचा अभिनय ही अनुकृती मानली. परंतु तिची प्रतीती चित्रतुरगन्यायाने स्पष्ट करताना ती सत्य, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही कोटींहून वेगळी असल्याचे सांगितले. त्यावर भट्टतौताचा आक्षेप असा की, रामाला कोणी पाहिलेलेच नाही. मग नटाने रामाचे अनुकरण केले हे ठरवावयाचे कशावरून? नटीच्या चरित्रपटात हा आक्षेप गळून पडतो. ‘संत सखू’ (१९४१), ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटांतील हंसा वाडकर (१९२३–१९७१) मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात होत्या. अनुकार्य समोर होते, अनुकरण शक्य होते. म्हणूनच त्याला दिलेला नकार अर्थपूर्ण ठरतो.

या नकाराची सुरुवात नामांतरापासून होते. रतन साळगावकर ही मुलगी पडद्यावर ‘हंसा वाडकर’ झाली. चित्रपटात उषाची ‘उर्वशी’ होते. अप्सरेचे हे नाव सूचक आहे. उर्वशीचे नृत्य इंद्रसभेच्या मालकीचे आणि तिचा संसार अटींनी बांधलेला. स्वतःचे असे स्थान तिला कोठेच नाही. ‘एक अलबेला’ (२०१६) मधील गीता बाली किंवा ‘महानटी’ (२०१८) मधील सावित्री या भूमिकांमध्ये मूळ नाव कायम असल्याने विद्या बालन आणि कीर्ती सुरेश यांच्यावर सादृश्याचे ओझे अपरिहार्यपणे येते. स्मिता पाटील यांना त्यातून मिळालेली मोकळीक त्यांनी अभिनयाच्या दोन पातळ्या उभारण्यासाठी वापरली.

पहिली पातळी उर्वशीची. चित्रपटांतर्गत चित्रपटांत ती नाचते, संवाद म्हणते, तेव्हा आंगिक आणि वाचिक अभिनय त्या काळच्या संकेतांनुसार ठळक केलेला दिसतो. नजर आपण पाहिले जात आहोत हे जाणून असते. दुसरी पातळी उषाची. चित्रीकरण थांबताच तेच शरीर जड होते, नजर आत वळते, आवाज खाली येतो. तथापि ‘पडद्यावरची खोटी, घरातली खरी’ अशी सोपी विभागणी येथे टिकत नाही. पती केशव दळवीसमोर, सहनट राजनसमोर, विनायक काळेच्या वाड्यात उषा पुन्हा कोणती ना कोणती भूमिकाच करीत असते. वाड्यातील गृहिणीची भूमिका तर ती आवडीने स्वीकारते; जत्रेला जाण्याची परवानगी नाकारली गेल्यावरच हा प्रयोग कोणाच्या दिग्दर्शनाखाली चालला आहे हे तिला उमगते. तो क्षण स्मिता पाटील आक्रोशात उधळून देत नाहीत. जन्म १९५५चा, म्हणजे जेमतेम बाविशीतल्या या अभिनेत्रीने कोवळ्या वयापासून प्रौढत्वापर्यंतचा प्रवास रंगभूषेपेक्षा अशा आवरण्यातून घडविला आहे. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

येथे एक अडचण मात्र टाळता येत नाही. अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन मुळात बोलणे आहे. त्याच्या शीर्षकातच सांगणारी स्त्री कर्ती आहे आणि समाजाने ऐकावयाचे आहे. चित्रपटात हे निवेदन जाते, त्याबरोबर तिची मराठीही जाते; ‘ऐका’च्या जागी ‘पाहा’ येते. लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या पुरुषी दृष्टीच्या चौकटीतच ही कथा परत जाण्याचा धोका त्यातून निर्माण होतो. पटकथेने काढून घेतलेले हे कर्तेपण स्मिता पाटील मौनातून काही अंशी परत मिळवितात, असे माझे प्रतिपादन आहे. मुलीच्या घरी राहण्याचे आमंत्रण नाकारून हॉटेलच्या खोलीत एकटी बसलेली आणि वाजणाऱ्या फोनकडे पाहणारी उषा काहीच सांगत नाही. पण आता तिच्याकडे पाहणाऱ्याला ऐकणे भाग पडते. भाषेची हानी मात्र भरून निघत नाही, हेही नोंदविले पाहिजे.

हा प्रश्न केवळ सिद्धान्ताचा नाही. लाखनी-साकोलीच्या टापूत दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने रात्रभर झाडीपट्टीची नाटके चालतात. पहाटे घरी परतताना भूमिकेविषयी जितके बोलले जाते, तितकेच ती करणाऱ्या बाईविषयीही बोलले जाते. ज्या दंडारीच्या परंपरेत पुरुषच स्त्रीचा वेश घेत आला, तिच्या प्रदेशात मंचावर उभ्या राहिलेल्या स्त्रीला भूमिकेपासून वेगळी काढून तिच्या चारित्र्याचा निवाडा करण्याची ही सवय अजून सुटलेली नाही. हंसा वाडकर यांनी आपले आयुष्य सांगितले ते याच सवयीला सामोरे जाऊन.

म्हणून ‘भूमिका’ पाहताना ‘ही हंसा वाडकर यांच्यासारखी दिसते का?’ हा प्रश्न गौण आहे. ‘ही बाई खरी कशी होती?’ असे विचारणाऱ्या आपल्या अधिकाराविषयीच स्मिता पाटील यांचा अभिनय शंका उपस्थित करतो. अनुकृतीला दिलेला नकार हा त्या अर्थाने चरित्रविषय झालेल्या स्त्रीला दिलेला आदर आहे.